पांढरं कशाला म्हणायचं

कॅमेरा घरी आणला त्या दिवशी आबांनी तो आधी हुंगला.

आबा म्हणजे माझे वडील. हळद तपासायची त्यांची एक रीत होती. हळकुंड हातात घेऊन तोलायचं, दुसऱ्या हळकुंडावर वाजवायचं, नाकाशी न्यायचं आणि मग समोरच्या माणसाकडं असं बघायचं, की त्याला वाटावं आपणच काहीतरी लपवून राहिलो. कॅमेऱ्याचंही त्यांनी हेच केलं. तोलला, कानाजवळ नेऊन हलवला, हुंगला. मग माझ्याकडं बघितलं.

"जुना हाय."

"जुन्यासारखा दिसतो, आबा. आतून डिजिटल आहे."

"आतून कोनी बगितलंय?"

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. गाव आमचं सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलखालचं, आठवड्याचा बाजार शिरड शहापूरचा, आणि हळद जायची हिंगोलीला. हिंगोलीत मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. तिथंच खोली करून राहायचो, शनिवारी गावी यायचो. आमच्या भावकीत बी.एस्सी. झालेला मी पहिला, तेही फिजिक्स घेऊन. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो, त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

कॅमेरा नांदेडच्या एका स्टुडिओवाल्यानं वापरलेला होता. चांगला आहे तर विकतो काहून, ही शंका मला होतीच. तो म्हणाला, "साहेब, लग्नात हा घेऊन उभा राहिलो की पाहुणे म्हणतात, फोटोग्राफर भंगार घेऊन आला." त्यात तथ्य होतं. काळं कातड्यासारखं अंग. वर शटरची आकडे लिहिलेली चकती. भिंगावर दोन कड्या, एक उजेड कमीजास्त करायची, दुसरी अंतर जुळवायची. कडी फिरवली की बोटाला एकेक खाच लागायची. पाठीमागं तो छोटा पडदा नसता, तर वस्तू निजामाच्या काळातली म्हणून खपली असती. तरीही घ्यायच्या आधी मी स्क्रूच्या खाचा उजेडात धरून पाहिल्या. पेचकस लागल्याचा ओरखडा कुठं दिसतो का म्हणून. आमच्या घरात कुणी कुणावर एकदम विसंबत नाही. रंग मायचा घेतला मी, पण हा गुण आबांचा.

चकतीवर आकड्यांच्या शेवटी एक तांबडा 'ए' होता. तिथं नेली की कॅमेरा सगळं आपलं आपण ठरवतो. मी चकती तिथं नेत नसे. ज्याला काही येत नाही त्यानं न्यावी. उजेड किती, वेळ किती, अंतर किती, सगळं मी हातानं लावायचो. शिकलो कशासाठी मग?

गावाला कॅमेऱ्यापेक्षा त्यात रोल नाही याचा जास्त संशय. आमचे चुलते, आबांचे धाकटे भाऊ, पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "रोल न्हाई, निगेटिव्ह न्हाई, मंग फोटू खरा कशावरून? निगेटिव्ह म्हंजे फोटूचा सातबारा अस्तो. तुझा फोटू बिनसातबाऱ्याचा!"

पार हसला. मीही हसलो. मनात म्हटलं, यांना काय सांगायचं.

आता आबांच्या हळदीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

बाजारात हळद घेणारा पोत्यात हात घालतो, तळातलं एखादं हळकुंड काढतो आणि कटकन मोडतो. वरून पिवळं कुणीही करतं. शिजवून वाळवलेली हळद पॉलिश करायला लोखंडी ढोलात घालून फिरवतात. फिरवताना पिवळ्या रंगाची पुडी टाकली की फिकट मालही सोन्यासारखा निघतो. म्हणून मोडून आतला रंग बघायचा. दरेकाचं हळकुंड मोडतात, त्यात अपमान काही नाही. पण आबांचं मोडत नसत. आमच्या अडत्यानं, म्हणजे ज्यांच्या गाळ्यावर आमचा माल उतरायचा त्या शेटजींनी, ही सवलत आबांना दिली होती. कधी दिली ते त्यांनाही आठवत नव्हतं. बाजारात आबांना सगळे मामा म्हणत. खरेदीवाला पोत्यात हात घालायला लागला की शेटजी नुसतं म्हणत, "वो मामाका है, रहने दो." खरेदीवाला हात काढून घ्यायचा.

आबांना शाळा दोन इयत्तांची. सहीसुद्धा दम लावून करायचे. पण ते 'रहने दो' ऐकताना त्यांची मान ज्या रीतीनं वर जायची, तशी माझी पदवीच्या कागदानं कधी गेली नाही. अडतीवर जायचं म्हणजे पांढरंशुभ्र धोतर लागायचं. ते धोतर मायला धुवू देत नसत. स्वतः कॅनॉलवर जाऊन धुऊन आणत. मायचं आणि त्यांचं त्यावरून काहीतरी जुनं बिनसलेलं होतं. मी होस्टेलवर वाढलेला, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी शेटजी मला म्हणाले, "सर, बाहेरच्या राज्यातला एक मसालेवाला आहे. त्याला आधी फोटो पाहिजे मेलवर. आवडलं तर माणूस पाठवतो. तुमच्याकडं तर मशीन आहे म्हणे?"

मला 'सर' म्हणाले, म्हणून असेल, मी लगेच हो म्हटलं.

पुढच्या रविवारी पडवीत सावलीला हळकुंडांचा ढीग घातला. रंगाचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याला आधी पांढरं कशाला म्हणायचं ते दाखवावं लागतं. त्याला ते आपलं आपण कळत नाही. सकाळचा उजेड वेगळा, सावलीचा वेगळा, बल्बचा वेगळा. एखाद्या पांढऱ्या वस्तूवर रोखून बटण दाबायचं, की तो समजतो, हे पांढरं. मग त्या हिशोबानं बाकीचे रंग लावतो. हे सगळं मी माहितीपुस्तिकेतून शब्दकोश लावून वाचलेलं. समोर दोरीवर आबांचं धोतर वाळत होतं. आमच्या घरात त्याच्याइतकं पांढरं दुसरं काय असणार? त्यावर रोखलं, बटण दाबलं. पडद्यावर बरोबरची खूण आली.

मग ढिगाच्या इतकं जवळ गेलो की चौकटीत हळदीशिवाय काही राहिलं नाही. उजेडाची कडी आठवर, शटर साठावर, श्वास रोखून सहा फोटो काढले. झाल्यावर पांढऱ्याची खूण परत सूर्याच्या चित्रावर, म्हणजे साध्या उन्हासाठीच्या जागेवर, आणून ठेवली. वापरलेली वस्तू जागच्या जागी, ही प्रयोगशाळेची सवय.

फोटो असा आला होता की मीच बघत राहिलो. आबांना पडदा दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. एकदा ढिगाकडं, एकदा पडद्याकडं.

"ही आपली हळद न्हाई."

"आबा, तुमच्यासमोर काढला की."

"काढला. पन ही आपली न्हाई. इतकी खुलत न्हाई ती. हाय तशी दिसू दे."

"कॅमेरा खोटं बोलत नाही, आबा. सगळं मी हातानं लावलंय."

आबांनी ढिगातलं एक हळकुंड उचललं, नाकाशी नेलं, परत ठेवलं. सोमवारी हिंगोलीच्या सायबर कॅफेत बसून मी सहाही फोटो पाठवले.

तीन आठवड्यांनी कॉलेजात फोन आला. शेटजींचा. "सर, जरा अडतीवर या." नेहमीचं 'चहाला या' नव्हतं.

गाळ्यावर आमची पोती उतरलेली. आबा गादीच्या कडेला, पांढऱ्या धोतरात, हात मांडीवर ठेवून बसलेले. आमचे चुलतेही तिथंच, त्यांचा माल दुसऱ्या गाळ्यावर आला होता. आणि मसालेवाल्याचा माणूस उभा. त्याच्या एका हातात माझ्या फोटोची छापील प्रत, दुसऱ्या हातात आमचं हळकुंड. त्यानं दोन्ही माझ्यासमोर जवळजवळ धरली.

मला सांगायला कुणी लागलं नाही. हळकुंड होतं तसं होतं, चांगलं, आमच्या काळ्या रानातलं. पण फोटोपुढं ते आजारी वाटत होतं.

"ये वो माल नहीं है," तो माणूस म्हणाला. "फोटो का रंग कुदरती है ही नहीं. रंगा हुआ है."

शेटजी आबांकडं वळले. आवाज मऊ होता, तेच वाईट. "मामा, पोत्यातला माल खरा आहे. मला दिसून राहिलं. पण फोटोतला ढीग कुठला? तो रंगवलेला असंल तर तो गेला कुठं?"

आबा म्हणाले, "माझ्याच घरचा ढीग. ह्यानं काढला फोटो."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "त्याच मालाचा फोटो आहे. कॅमेऱ्यात काही दोष नाही."

मी कॅमेऱ्याची बाजू घेतली. त्या क्षणी दुसरी कुणाची तरी घ्यायला पाहिजे होती, हे मला आज कळतं.

चुलते हळूच म्हणाले, "बिनसातबाऱ्याचं हाय ते, मी तवाच म्हनलो होतो." हसलं कुणी नाही.

त्या माणसाचं दुसऱ्या बाजारात काम होतं, तो आठ दिवसांनी परत येणार होता. शेटजी म्हणाले, "तोपर्यंत पोती राहू द्या. तो आला की समोरासमोर बघू. पण मामा, मन साफ झालं नाही, तर पुढं तुमचाही माल मोडूनच घ्यावा लागंल. मला एकट्याला नाही ना धंदा करायचा, चार लोक बघतेत."

आबांनी धोतराचा सोगा सावरला आणि उठले. स्टँडपर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललो. एसटीत चढताना ते एवढंच म्हणाले, "तुझ्या मायला नको सांगू."

ते आठ दिवस मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेत काढले.

पहिला संशय त्या नांदेडवाल्यावर. एसटीडीवरून फोन केला. तो हसला. "साहेब, तुम्ही तर सगळं हातानं लावता ना? मग कॅमेरा काय करणार?" दुसरा संशय मसालेवाल्यावर, भाव पाडायची ही त्यांची रीत असेल म्हणून. तिसरा सायबर कॅफेवर. मग शेटजींवरही घेतला. चुलत्यांवर तर तो आधीपासून होताच.

शेवटी मी फिजिक्सवाल्यासारखं वागायचं ठरवलं. गाळ्यावरून आमच्या पोत्यातली मूठभर हळकुंडं आणली. प्रयोगशाळेत खिडकीपाशी कोरा पांढरा कागद ठेवला, त्यावर कॅमेरा रोखून पांढरं दाखवलं, आणि हळकुंडांचा फोटो काढला. अगदी हुबेहूब आला. जसं हळकुंड, तसा फोटो. पुन्हा काढला, पुन्हा तसाच.

म्हणजे कॅमेरा निर्दोष. मी तर सगळं बरोबरच लावलेलं. मग राहिलं कोण?

तो विचार मी मनात येऊ दिला, हे मी इथं लिहून ठेवतो. आबांनी फोटो बघून 'ही आपली न्हाई' म्हटलं होतं. ते काहून म्हटलं? आधीच माहीत असल्यासारखं? 'हाय तशी दिसू दे' म्हणजे काय? स्टँडवर 'मायला नको सांगू' म्हणाले, ते कशाला? आणि मग मला ती पुडी आठवली.

फोटोच्या आदल्या दिवशी मी शिरड शहापूरच्या बाजारात उतरलो होतो, गावी जायला. आबा एका किराणा दुकानासमोर दिसले. कागदाची एक लहान पुडी घेऊन त्यांनी धोतराच्या कनवटीला खोचली, वरून सदरा ओढला, आणि मी दिसताच त्यावर हात ठेवला. मी विचारलं, "काय घेतलं?" ते म्हणाले, "काई न्हाई, सुपारी." आबा सुपारी खात नव्हते.

एकदा पुडी आठवली की सगळं जुळत गेलं. पुराव्यांचं असंच असतं, एक मिळाला की बाकीचे आपण होऊन रांगेत उभे राहतात.

शनिवारी गावी आलो ते झडती घ्यायलाच. आबा शेतात होते. पॉलिशच्या ढोलात आत हात घालून नखानं खरवडलं. पिवळी धूळ आली; ती तर येणारच. बोटं हुंगली, जीभ लावली. काही कळेना. मग घरात आबांची पेटी उघडली. सदरे झटकले. देवळीतल्या चिठ्ठ्या, बिलं, पंचांग, सगळं उलथापालथं केलं.

"काय हुडकून राहिलास रे?" माय दारात उभी.

"काडीपेटी."

"काडीपेटी तुझ्या बापाच्या सदऱ्यात? इडी ओढायला लागला का तू?"

मी तिला विचारलंच. "माय, आबा बाजारातून रंग आणतात का? पिवळा? पुडीत?"

तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं याआधी कधीच बघितलं नव्हतं. मी नापास झालो होतो तेव्हाही नाही. "सोळा वर्सं शिकवलं तुला," ती म्हणाली. तिनं सदरे उचलले, एकेक करून घडी घातली, पेटीत ठेवले.

तिनं ते आबांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. जेवताना आबा नेहमीसारखेच होते. शेंगाची चटणी माझ्याकडं सरकवली. त्यावरूनही मला संशय आला.

रविवारी सकाळी ऊन वर आलं आणि आबा बादली, धोतर घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी तो माणूस हिंगोलीला परत येणार होता. दारातून बाहेर पडताना त्यांनी सदऱ्याखाली कनवट चाचपली. ती हालचाल मी ओळखली.

मी कॅमेरा गळ्यात घातला आणि अंतर ठेवून मागं गेलो.

त्या दिवसांत कॅनॉलला पाण्याची पाळी सुटली होती. आबा नेहमीच्या दगडावर उकिडवे बसले. मी बाभळीच्या आडोशाला थांबलो, वीसेक पावलांवर. लांबचं जवळ दिसावं म्हणून भिंग पुढं ओढलं. अंतराची कडी फिरवत त्यांच्या हातावर आणली. शटर अडीचशेवर. आजवर काढलेल्या कुठल्याच फोटोसाठी मी इतकं नीट लावलं नव्हतं. मला त्यांना पकडायचं होतं. आणि पुराव्यानिशी पकडायचं होतं.

धोतर धुऊन, पिळून त्यांनी दगडावर ठेवलं. बादली भरून घेतली. इकडंतिकडं बघितलं. कनवटीतून पुडी काढली, सोडली आणि पाण्यात झटकली.

पाणी निळं झालं.

माझं बोट बटणावर होतंच. ते दाबलं गेलं. कसला फोटो काढतोय हे कळायच्या आत.

आबांनी धोतर त्या निळ्या पाण्यात बुडवलं, दोनदा खालवर केलं. मान न वळवताच ते म्हणाले, "आला का फोटू?"

मी बाभळीमागून बाहेर आलो. "नीळ आहे ती?"

"मंग काय अस्ती?"

"मला सुपारी म्हणून सांगितलं होतं."

"बाजारात चार मान्सात काय सांगू, धोतराची नीळ घेऊन राहिलो म्हनून?" त्यांनी पुडीचा कागद झटकला, घडी करून परत कनवटीला लावला. "तुझी माय चिमूटभर टाकायची. त्यानं काय हुतंय? म्या जास्त टाकतो तर म्हनती, आभाळ नेसून चाललात का? म्हनून इथं येतो."

त्यांनी धोतर पिळून झटकलं. निळ्या पाण्याचे थेंब उडाले. आणि ते उन्हात उघडं होताना मला पहिल्यांदा नीट दिसलं. पांढरं नव्हतंच ते. रोज बघून मी त्याला पांढरं म्हणत आलो होतो. ते निळं होतं. कोपऱ्यांत तर निळ्या रेघा होत्या.

मी कॅमेऱ्याला सांगितलं होतं, हे पांढरं आहे. त्यानं ऐकलं. निळं म्हणजे पांढरं समजायचं तर सगळ्यातून निळं काढून टाकावं लागतं. आणि निळं काढलं की उरतं ते पिवळं. चौकटीत तर नुसती हळदच होती. ती सोन्यासारखी होणार नाही तर काय?

मी तिथंच दगडावर बसलो. आबांना सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. ते धोतर वाळत घालता घालता ऐकत होते.

"म्हंजे हळद खोटी न्हाई."

"नाही."

"धोतर खोटं न्हाई."

"नाही, आबा."

"आन् तुझा कॅमेरा?"

"तोही नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं."

त्यांनी धोतराची कड ओढून सरळ केली. मग म्हणाले, "ढोलात हात घातला हुतास. पोरा, ढोलाच्या पत्र्याला आतून धार अस्ती. कापला न्हाई ना?"

सोमवारी मी रजा टाकून अडतीवर गेलो. तो माणूस आला होता, शेटजी होते, चुलतेही मुद्दाम थांबले होते. मी आमच्या पोत्यातली दहा-बारा हळकुंडं फळीवर ठेवली. मग सांगितलं, चूक माझी आहे. हे वाक्य मी रात्रीपासून मनात घोळवत होतो, तरी तोंडातून निघताना जड गेलं. चार शिकलेल्या लोकांपुढं बोललो असतो. इथं माझ्या 'सर'पणाचं पाणी होत होतं.

आबांना गाळ्याच्या पायरीवर उभं केलं. त्यांच्या धोतराच्या सोग्यावर कॅमेरा रोखून पांढरं दाखवलं आणि हळकुंडांचा फोटो काढला. मग कोऱ्या कागदावर रोखून दुसरा काढला. दोन्ही पडद्यावर एकामागं एक दाखवले. पहिला सोन्यासारखा, दुसरा हळदीसारखा. तो माणूस आबांच्या धोतराकडं बघत राहिला, मग हसला. हमालही हसले. एक हमाल म्हणाला, "मामा, नीळ कंची वापरता हो? आमालाबी सांगा!"

आबा भर बाजारात धोतराचा सोगा धरून उभे होते, आणि लोक त्यावर हसत होते. ही माझी दुसरी चूक होती, ती मला त्याच वेळी कळली.

"सर शिकलेले आहेत," शेटजी म्हणाले. "शिकलेला माणूस काहीही साबित करू शकतो." ते चेष्टेत म्हणाले की नाही, मला ओळखता आलं नाही. पण त्यांनी मान डोलावली, आणि त्या माणसाकडं वळून जुनीच खूण केली. "मामाका है. रहने दो."

तो माणूस पोत्याजवळून मागं सरला. म्हणजे झालं होतं. सगळं जिथल्या तिथं आलं होतं.

आबा पायरीवरून उतरले, पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं हळकुंड काढलं आणि सगळ्यांसमोर कटकन मोडलं. आतला केशरी रंग त्या माणसापुढं धरला. कुणी मागितलं नव्हतं. मग दुसऱ्या पोत्यातलं मोडलं. मग तिसऱ्या.

"मामा, अहो कशाला," शेटजी म्हणाले.

"असू द्या," आबा म्हणाले. "बगून घ्या."

माल गेला. चांगल्या भावानं गेला. पण त्यानंतर जितकी वर्षं त्यांनी हळद आणली, तितकी वर्षं गाळ्यावर उतरल्या-उतरल्या ते स्वतःच मोडून दाखवत. 'रहने दो' म्हणायची वेळ त्यांनी शेटजींवर परत येऊ दिली नाही.

मी कॅमेरा विकला नाही. वापरत राहिलो. चकती अजूनही 'ए'वर नेत नाही, पण पांढऱ्यासाठी पिशवीत कोरा कागद ठेवतो. आणि तो कागद पांढरा आहे का, हे आधी दुसऱ्या कागदाजवळ धरून बघतो.

शनिवारी मी गावी गेलो आणि आबा बाजारातून आले की एक नवीन प्रकार सुरू झाला. ते सदरा वर करत, कनवटीची पुडी काढत, आणि मायच्या नजरेआड, पडवीत, माझ्यासमोर सोडत. आत निळी पूड.

"नीळ हाय," ते म्हणत. "बगून घे."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. पोत्यातलं हळकुंड दाखवावं, तसं ते दाखवत. मी दरवेळी म्हणायचो, "आबा, नका ना दाखवू." ते पुडी तशीच धरून थांबत.

मग मी बघायचो. आणि मी नीट बघायचो.